दुसऱ्या मुठीचा गडी

आलापल्ली, २२ नोव्हेंबर १९५५

मशीन घरी आली! बैलबंडीतून उतरवताना बोटाची साल निघाली, पन आली एकदाची. लाकडाच्या डेपोच्या मांगं गवतात पडून होती. ठेकेदारानं लढाईनंतरच्या लिलावात घेतली, एक हंगाम चालवली, मंग अडकली ते अडकलीच. तवापासून तिच्यावर कुत्रे मुतून राह्यले होते. मी ठेकेदाराले म्हनलो, "शेटजी, मले देता काय? मी चालू करून दाखवतो." तो पोट धरून हासला. म्हने, "मुखरू, मार्चापावतर चालू केली त रानाचा एक तुकडा, आख्खं कूप, तुह्या हुकुमात देतो तोडाले. सारे गडी तुह्या हाताखाली." सारे आरेवाले उभे होते तिथी, सारायनं आयकलं. आता त्याले पलटाले जागा नाई.

हे लिहाची सवय आसामातली हाय. लढाईत मी लाकडं कापाच्या पलटनीत होतो. साहेब म्हने, रोज काय काम केलं ते लिहून ठेव. तिथीच असी मशीन पाह्यली होती. एका आंगाले इंजन, मधात लांब पट्टी अन् तिच्यावर धावनारी दातेरी साखळी, दुसऱ्या आंगाले मूठ. इंजनावर एक गडी अन् मुठीवर एक गडी. आपन सकाळपासून दुपारपावतर आरा ओढावं अन् तिनं चिलीम पेटवेपावतर झाड आडवं करावं. तो आवाज अजून डोस्क्यातून गेला नाई.

माही बायको मनकर्णा दारात उभी राहून पाहे. म्हनते, "हे काय आनलं? मेल्या डुकरावानी दिसते." मी म्हनलो, "तुले काय समजते त्यातलं!" दुसऱ्या मुठीवर लटारू राहीन. लटारू म्हनजे तिचा मोठा भाऊ, अन् माहा आऱ्यावरचा जोडीदार. लगन झाल्यापासून आमी दोघं एकच आरा ओढून राह्यलो.

२६ नोव्हेंबर

घरामांगच्या सांदवाडीत पोतं आथरलं अन् सारी खोलली. पंख्याच्या झाकनात उंदरायनं बिऱ्हाड केलं होतं, गुलाबी गुलाबी पिल्लं. खुराप्यानं सारे चेचले. गंज इतका का बोटानं पापडी निघते. पिस्टन आत असा धरून बसला होता का हातोड्यानं हालेना. वरून मातीचं तेल ओतून ठेवलं, भिजू दे म्हनलं.

सांजेले मनकर्णा म्हनते, "दिव्याचं तेल सारं तिले पाजलं काय? आता आंधारात रांधू?" मी म्हनलो, रांध. ती म्हने, "मशीन भात रांधन काय मंग?" एक ठेवून देल्ली गालावर. तोंड चालवते बाई! त्याच्यानंतर घर चूप झालं अन् मले शांतपनी नट धुता आले.

मी दारूच्या थेंबाले शिवत नाई. परक्या बाईकडं पाहात नाई. गावात असे नवरे किती हायत ते तिनं बोटावर मोजून पाहावं.

४ डिसेंबर

परवा लटारू मशीन पाहाले आला. मले वाटलं इंजनाले हात लावून पाहीन, इचारन. त्यानं पाह्यलं बहिनीकडं. गालावर अजून निळं होतं. "काय झालं वो मनू?" ती म्हने, "लाकडं आनताना पडलो." खोटं बोलाची काय गरज? मीच सांगतलं, "मी मारलं. तेलावरून तोंड चालवत होती." आपन उघडा मानूस, लपवाचं काम नाई. लटारू उठला. चहा तसाच ठेवून गेला.

दुसऱ्या रोजी रानात आरा उचलाच्या आधी मी तंबाखू चोळून हात पुढं केला. त्यानं घेतली नाई!

आमच्या आरेवाल्यायचा एक कायदा हाय. रुसलेल्या गड्यासंगं आरा धराचा नाई. जोडीत बिनसलं असन त एकानं तंबाखू चोळाची, दुसऱ्यानं त्याच्याच तळहातावरची उचलून तोंडात टाकाची, मंगच आऱ्याले हात लावाचा. देवाधर्माचं नाई ते, कामाचं हाय. आऱ्यातून गड्याचं मन समजते. रागातला गडी आरा ओढत नाई, ढकलते. पातं वाकते, फसते, झाड पाहिजे तिथी पडत नाई, कोनाच्या तरी डोस्क्यावर पडते.

मी इचारलं, "लटारूभाऊ, तुह्यामाह्यात काय भांडन हाय?"

"हाय."

"कायचं?"

"तुले माईत हाय, जवाई."

मले कायचं माईत! तो त्या दिवशी देवाजी आरेवाल्याच्या जोडीत गेला. मी दिवसभर डोस्कं खाजवलं तवा उजेड पडला. मशीन आली म्हनजे आरा गेला, अन् हा सात गावात नावाजलेला आरेवाला. त्याच्या पोटात दुखून राह्यलं. भावासारखा वागवला ना मी याले, अन् हा असा.

१३ डिसेंबर

पिस्टन सुटला! रिंगा जळल्या नाई, नशीब. बल्लारशाहच्या बाबूभाई भंगारवाल्याकडून प्लग आला. नूरुद्दीन मिस्त्री ठेकेदाराच्या ट्रका दुरुस्त करते, त्याच्या हातापाया पडून ठिनगी पाडनारा मॅग्नेटो साफ करून घेतला. पट्टी वाकली होती, ते ऐरनीवर ठोकून सरळ केली. साखळीचे दात एक एक करून कानसीनं घासून राह्यलो. एक दात घासाचा, आंगठ्यावर पाहाचा. रगत निघालं का समजाचं, झाला.

मनकर्णा म्हने, "माह्या आंगावर हात फिरवासाठी कधी इतका टाइम नाई भेटला तुमाले." मी आयकलं नाई असं दाखवलं. चावट हाय.

२४ डिसेंबर

आज बोलली!

दोरी गुंडाळून ओढली, काई नाई. पुन्हा ओढली. चवथ्या का पाचव्या बारीले तिनं असा उलटा झटका देल्ला का मनगट सुजलं. मंग मी तिच्या मायबापाचा उद्धार केला अन् दातओठ खाऊन ओढली, अन् बापा! धूर, आवाज, सारी आळी हालली. शेजारच्या बैलानं दावं तोडलं. पोरं-बाया कुडाजवळ जमा झाल्या. माह्या डोळ्यात पानी आलं, खोटं काहाले लिहू.

नूरुद्दीन कान देऊन आयकत होता. म्हने, "मुखरूभाऊ, हे पाहा. रेस सोडली तरी चेन फिरून राह्यली. क्लच चिपकते. तो खोलून नवा अस्तर टाका. जोपर्यंत इंजन चालू, तोपर्यंत हिच्यावर भरोसा नको." मी म्हनलो, हो हो. अस्तर कुठून आनू? कलकत्त्याहून? एवढं चालू झालं तेच पुष्कळ हाय. लाकूड कापाच्या वक्ती साखळी फिराच लागते ना!

३० डिसेंबर

दुसऱ्या मुठीवर गडी भेटत नाई.

देवाजीले म्हनलं त त्याची कंबर धरली. मंगरूच्या घरी पावने. एक म्हनते सासरा बिमार, एक म्हनते पोटात मुरडा. कालपावतर आऱ्यावर मारामारी कराचे माह्यासंगं जोडी लागाले! मी चौकात उभं राहून म्हनलो, "अबे, बांगड्या भरा. मशीनले भेता काय?" मंगरू म्हने, "मशीनले कोन भेते, मुखरूभाऊ?" अन् सारे खाली पाहून बिडी ओढत राह्यले.

कायचा अर्थ त्याचा? भेत नाई त या ना मंग. लटारूनंच सारायचे कान भरले असतीन.

३ जानेवारी १९५६

आज लटारूचा हिशेब चुकता केला.

डेपोत लाकडं लावून राह्यला होता. मी जाऊन त्याची बंडी धरली गळ्याजवळ. म्हनलो, "साळ्या, माह्या वाटेत काटे काऊन पेरतं? कूप भेटलं त तुहाच फायदा हाय ना?" तो म्हने, "हात सोड." मी म्हनलो, "नाई सोडत. सांग सारायसमोर, काय भांडन हाय?"

मंग तो बोलला. "तू माह्या बहिनीले ढोरावानी मारतं, अन् माह्यासमोर तंबाखू धरतं? मी त्या हातावरची खाईन काय?"

मले खरंच हासू आलं. म्हनलो, "अरे, ते माह्या घरचं हाय. बायकोले मारलं ते काय भांडन होते काय? भांडन बरोबरीच्या मान्साशी होते. तुह्याशी माहं काईच नाई."

त्यानं डोस्क्यानं माह्या तोंडावर अशी धडक देल्ली का समोरचा दात हातात आला. मंग मले काई दिसलं नाई. लाकडं सरकवाची सब्बल हाताले लागली, तिनंच हानला. पाठीवर, खांद्यावर, कानावर. कान फाटला त्याचा, आर्धा लोंबे. तो खाली पडला तरी मी हानतच होतो, जंगलखात्याच्या नाकेदारानं अन् देवाजीनं मांगून कवळ घालून ओढला मले. लटारू उठून बसला, कानाले हात लावून पाह्यला अन् म्हने, "मले मारलं, मी सोसन. तिले पुन्हा हात लावला त तुहं लाकूड मीच लावीन सरनावर."

घरी आलो. मनकर्णानं मिठाचं पानी देल्लं गुळन्या कराले. तिले कोनीतरी सांगतलं होतं. इचारलं फक्त, "दादा चालत घरी गेला काय?" मी म्हनलो, गेला. ती चुलीकडं तोंड करून बसली.

१० जानेवारी

गडी नाई त नाई. मूठ मनकर्णा धरीन!

हे मले आधी काऊन नाई सुचलं? धान कांडून कांडून बाईचे दंड गड्यावानी झाले हायत. वरून आज समजलं का लगनाच्या आधी बापासंगं आरा ओढत होती. इतके वर्सं संग राहून मले मालूम नाई! म्हनलो, "सांगतलं काऊन नाई?" म्हने, "तुमी इचारलं कवा?"

सांदवाडीत बेहड्याचा ओंडका टाकला अन् म्हनलो, धर. ती मुठीजवळ आली, पन हात लावेना. म्हने, "बाबा सांगत, बिनसलेल्या मान्सासंगं धरू नये."

"मंग? आपलं कुठी बिनसलं हाय?"

तिनं माह्याकडं पाह्यलं. मी समजावून सांगतलं, लेकराले सांगतो तसं. "हे पाह्य, मी तुह्याशी भांडलो काय कधी? मारलं असन. मारनं येगळं, भांडन येगळं. नवरा-बायकोत भांडन नसते." तिनं लुगड्याले हात पुसले. मंग पदर खोचला अन् म्हने, "तुमी म्हनता त तसंच. धरतो मी."

अन् कापलं आमी! पयल्याच बारीले लोण्यावानी गेली साखळी. भुसा तिच्या केसात, तोंडात. मी हासलो, तीबी थोडी हासली. लय दिसानं हासली. मले बरं वाटलं, उगीच नाई लिहित, खरंच बरं वाटलं.

२२ जानेवारी

रोज सांजेले एक ओंडका कापतो. तिचा हात बसला. मी मान हालवली का उचलते, डोळा केला का दाबते. लटारूपेक्षा सरस. आळीतल्या बाया येऊन पाहतात. मी म्हनतो, पाहा, माही बायको मशीन चालवते, तुमचे नवरे त मुरडा होऊन पडले.

एक गोष्ट मनात येते, ते लिहून टाकतो. आऱ्यावर लटारूचं पोट दुखत असन तरी मले हातात समजे. रात्री झोपला नाई, घरी कटकट झाली, सारं पात्यातून इकडं ये. या मशीनीत तसं काईच येत नाई. इंजन इतकं थरथरते का तिकडच्या मुठीवर मानूस हाय का भूत, समजाची सोय नाई. ती तिथी उभी असते, तोंडावर काई नाई, अन् मले दुसऱ्या आंगानं फक्त मशीनच लागते. पयले दोन दिवस कसंतरी वाटलं. मंग म्हनलं, बरंच झालं. रोज उठून दुसऱ्याचं मन कोनी चाचपावं? राग असो नाई त लोभ, लाकूड कापल्याशी मतलब.

क्लच आज जास्तच चिपकला होता. इंजन बंद केलं तवाच साखळी थांबली. ठेकेदारासमोरची ट्रायल झाली का पाहू.

१९ फेब्रुवारी

रंगाचे दिवस. रेजमालनं घासू घासू बोटं सोलली. खालचं सारं लोखंड चांदीवानी निघालं. मंग सफेदा, तो वाळू देल्ला, पुन्हा घासला. आज लाल रंगाचा पयला हात देल्ला. बाबूभाईनं चांद्याहून डबा धाडला, लाल म्हनजे असा लाल का डोळ्यात भरते. झाकनावर पिवळ्यात 'मुखरू' असं काढीन म्हनलं. सारायले सांगतलं, आज सांदवाडीत कोनी येऊ नोका, धूळ बसते.

मी तोंड धुवाले गेलो तेवढ्यात मनकर्णा कोंबड्यायले दाने टाकाले आली. सांगतलं होतं ना? एक तलंग उडाली अन् टाकीवर बसली. ओल्या रंगावर! मी धावत आलो त कोंबडी लाल पायानं साऱ्या आंगनात नाचून राह्यली, टाकीवर तिच्या नखायचे ओरखडे, अन् मनकर्णा हासत होती. तोंडाले पदर लावून, आंग हालवून. म्हने, "पाहा वो, आलता लावला तिनं, नवरी झाली!"

कोंबडीची मान मुरगळली आधी. तरी तिचं हासू थांबेना. माह्या हातात पान्हा होता. तिनं हात वर केला, त्याच्यावरच बसला. आवाज आला, सुकी काडी मोडल्याचा. दोन बोटं उलटी झाली.

ती वरडली नाई. बसली खाली, दुसऱ्या हातानं तो हात मांडीवर धरून. मीच नूरुद्दीनच्या बायकोले, साबिराबीले, बलावून आनलं. तिनं बांबूच्या कामट्या लावून बांधलं, हळद-तेल लावलं. जाताना माह्यासमोर उभी राह्यली अन् म्हने, "भाईजान, औरत भी तुम्हारी, मशीन भी तुम्हारी. एक को तोडते, एक को जोडते. अल्ला जाने कौनसी चलेगी."

मले वाईट वाटलं. खरं सांगतो, लय वाईट वाटलं. ट्रायल तोंडावर अन् मुठीवरचा गडी हात मोडून बसला. रागाच्या भरात मान्सानं पुढचं पाहाले पाहिजे. मी तिले म्हनलो, "दुखते काय?" म्हने, "नाई." मी माह्या हातानं कोंबडी रांधली अन् तिले वाढली. तिनं खाल्ली नाई. अन्नावर राग काढू नये मान्सानं.

२८ फेब्रुवारी

ओरखडे घासून पुन्हा दोन हात देल्ले. आता अशी दिसते का देव्हाऱ्यात ठेवावी. नाव काढलं.

मनकर्णाले म्हनलं, ट्रायलले येशीन काय? नाई त मी त्या ठेकेदारासमोर तोंड घेऊन कसा उभा राहू? कूप गेलं त जलमभर हे गडी हासतीन माह्यावर. ती म्हने, "येतो ना. मीच येतो." बोटं सुजलेली हायत अजून, पन अंगठा अन् बाकीची बरी हायत. मूठ धरता येते, मी धरून पाह्यलं तिच्या हातात.

लटारू आला होता म्हने, मी घरी नसताना. बहिनीले म्हने, चाल माह्यासंगं, आत्ताच. तिनं नाई म्हनलं. "मंग? काऊन नाई गेली?" मी इचारलं. म्हने, "ट्रायल हाय ना." आयकून छाती फुगली माही. शेवटी बायको ते बायको.

१६ एप्रिल

चांद्याच्या दवाखान्यातून परवा आनलं. वहीत मधले सारे पानं कोरे हायत. बसून लिहितो, बाजेवर. आता बसूनच सारं कराव लागते.

ट्रायलचं लिहितो, जसं झालं तसं.

कुपात सारे होते. ठेकेदार खुर्चीवर, बाजूले नाकेदार, मांगं सारे आरेवाले. लटारूबी होता, कान वाकडा जुळलेला. सागाचे मोठे ओंडके ओळीनं टाकून ठेवले होते. मी कापड काढलं तवा ठेकेदार उठून उभा राह्यला. म्हने, "वा रे मुखरू! हे तीच काय?" तिच्या लाल रंगावर ऊन पडलं होतं. माह्या जिंदगीत तसा दिवस आला नोयता.

दोरी गुंडाळली अन् मनकर्णाले म्हनलो, ये. ती आली. पन मुठीले हात लावाच्या आधी तिनं कमरेची पिशवी काढली, बांधलेल्या हातावर तंबाखू घेतली, चुना लावला, अन् चांगल्या हाताच्या अंगठ्यानं चोळली. सावकाश. मंग तो मोडका तळहात माह्यापुढं धरला.

एकबी आरेवाला खोकला नाई.

मले लाज वाटली. ठेकेदारासमोर बायकोच्या हातावरची तंबाखू खाऊ? म्हनलो, "अवो, काय तमाशा लावला? आपलं भांडन कुठी हाय?" ठेकेदार हासला, मीबी हासलो. ती तसाच हात धरून उभी राह्यली. म्हने, "घ्या. मी देऊन राह्यलो." मी म्हनलो, "मूठ धर, टाइम खाऊ नोको."

तिनं हात उलटा केला. तंबाखू खाली पडली. मंग पदर खोचला अन् मूठ धरली.

पयला ओंडका पाहता पाहता दोन झाला. दुसराबी. ठेकेदार टाळ्या वाजवे. तिसरा थोडा दूर होता. इंजन बंद करून मशीन न्याची असते, ते मले काय मालूम नाई? पन बंद केली अन् दोरीले बोलली नाई त? सारायसमोर? मी मान हालवली, उचल म्हनलं. साखळी फिरूनच राह्यली होती. आमी दोघायनं उचलली, मी उलट्या पायानं चालू लागलो, ती मुठीवर, माह्याकडं तोंड करून.

मधात ती थांबली. माह्या डोळ्यात पाह्यलं. रागानं नाई, रडून नाई. आपन पानी किती खोल हाय ते पाहतो, तसं. अन् दोन्ही हात उघडले.

मूठ खाली आदळली, साखळीनं दगड धरला अन् सारी मशीन उसळून माह्यावर पलटली. मी पाठीवर पडलो, पट्टी डाव्या पायावर, गुडघ्याच्या खाली. साखळीले मांस अन् साग सारखाच. आधी दुखलं नाई, नुसतं थरथरलं, अन् लाल भुसा तोंडावर उडाला. मंग हाडाले लागली तवा जे वरडलो ते माहं मलेच आयकू नाई आलं, इंजन इतकं जोरात. प्लगचा तार ओढून इंजन कोनी बंद केलं मालूम नाई. लटारूनं आपलं धोतर फाडून माही मांडी आवळली, ट्रकीत टाकलं, अन् वाटभर बोटानं नस दाबून बसला. तो नसता त मी पोचलो नसतो, असं डॉक्टर म्हने. पाय राह्यला नाई. गुडघ्याच्या वरून कापला.

पोलिस आला दवाखान्यात. मी सांगतलं, तिचा हात मोडका होता, सुटला. तो म्हने, हात कसा मोडला? मी म्हनलो, पडली. बायकोनं जानून सोडली असं सांगून मी गावात तोंड कसं दाखवू? अन् सारेच म्हनतात हात मोडका होता. नूरुद्दीनबी म्हनते, क्लच आधीच सांगतला होता. असं चार बाजूनं पाह्यलं त तिचा काई दोष निघत नाई. मीच पाह्यले ते उघडे हात, दुसऱ्या कोनी नाई.

कूप देवाजीले भेटलं. मशीन कुपातच हाय म्हनतात. तिले कोनी हात लावत नाई.

२ मे

लटारू आला बहिनीले न्याले. बाजेसमोरच बोलले दोघं, मी नाईच जसा. तो म्हने, "आता चाल. आता कोन अडवते?" ती म्हने, "घर माहं हाय, दादा. मी काऊन जाऊ? त्यायले जाचं असन त त्यायनं जावं." अन् दोघंबी माह्याकडं पाह्यले. मी कुठी जाऊ?

ती धान कांडाले जाते लोकायकडं, त्याच्यावर भागते. माहं सारं करते. धुते, पुसते, जखमेवरचं कापड बदलते, एक शबुद वाकडा नाई. वाकडा बोलली असती त बरं झालं असतं.

मले भेव वाटते. लिहून टाकतो, कोन वाचते इथी. ती पावशीवर भाजी चिरते तवा मी तिच्या हाताकडं पाहतो. पानी तापवते तवा पाहतो. काल फळीवरचं भांडं काढाले तिनं हात वर केला, अन् मी दोन्ही हातानं डोस्कं झाकलं. तिनं पाह्यलं. भांडं काढलं अन् गेली.

९ मे

आज इचारलंच. दिवसभर जिभेवर होतं. म्हनलो, "मनकर्णा, खरं सांग. मी कोनाले नाई सांगत. जानून सोडली, का हात सुटला?"

ती भात वाढत होती. पळी तशीच हातात धरून माह्याकडं पाह्यलं तिनं.

म्हने, "तुमी मले इतके वर्सं मारलं. मी कधी इचारलं काय, जानून मारलं का हात सुटला?"

मंग वरन घातलं अन् ताट पुढं सरकवलं. मी खाली मान घालून जेवलो.